परिचारिकांच्या हातांची स्वच्छता कशी मोजावी?

इंजेक्शन द्यायला आलेल्या परिचारिकेनं वॉर्डाच्या दाराशी हातांना हँडरब, म्हणजे पाण्याविना हात स्वच्छ करणारं अल्कोहोलचं द्रावण, चोळला. मग पडदा ओढला, पलंगाचा कठडा खाली केला आणि त्याच हातांनी सलाइनच्या कॅन्युलाचं, म्हणजे शिरेत बसवलेल्या नळीचं, टोपण उघडलं. हात स्वच्छ केले होते, पण कॅन्युलाला लागले तेव्हा त्यांवर पडद्याचे आणि कठड्याचे जंतू होते. तिथून त्यांना थेट रक्तात शिरता येतं. हँडरब लावला की नाही, यापेक्षा तो नेमका कधी लावला, हे म्हणूनच जास्त महत्त्वाचं ठरतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण दिले आहेत: रुग्णाला स्पर्श करण्याआधी, (इंजेक्शन, ड्रेसिंगसारख्या) निर्जंतुक प्रक्रियेआधी, रक्त-लघवीसारख्या द्रवांशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. हे क्षण पाळले जातात का, हे मोजायला निरीक्षक साधारण २० मिनिटं वॉर्डात थांबतो आणि एका वेळी जास्तीत जास्त तिघांवर लक्ष ठेवतो. हात स्वच्छ करण्याच्या जितक्या संधी आल्या, त्यांपैकी किती पाळल्या, याची टक्केवारी निघते. मोजणीच्या दोन फेऱ्यांची तुलना करायची असेल, तर एका विभागात प्रत्येक फेरीला सुमारे २०० संधींची नोंद हवी.

मोजताना एक गफलत हमखास होते. एका रुग्णाची नाडी पाहून परिचारिका मध्ये कशालाही हात न लावता थेट शेजारच्या रुग्णाकडे गेली, तर ‘स्पर्शानंतर’ आणि ‘स्पर्शाआधी’ अशी दोन कारणं एकत्र येतात. संधी मात्र एकच धरायची, कारण एकदा चोळलेला हँडरब दोन्हींना पुरतो. हे ठाऊक नसलेला निरीक्षक परिचारिकेच्या माथी नसलेली चूक मारतो.

कोणी पाहतंय हे कळलं की हात जास्त वेळा स्वच्छ होतात. म्हणून काही ठिकाणी बाटलीच्या स्टँडमध्येच काउंटर बसवतात, किंवा दर १००० रुग्ण-दिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस दाखल, म्हणजे एक रुग्ण-दिवस) किती लिटर हँडरब संपला ते पाहतात. हे आकडे रात्रपाळीचंही चित्र देतात, पण हँडरब परिचारिकेनं घेतला की नातेवाइकानं, आणि कॅन्युलाआधी घेतला की नंतर, हे त्यांतून कळत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष निरीक्षण सोडता येत नाही.

नोंदी क्षणानुसार वेगळ्या केल्या की बहुधा असं दिसतं, की स्पर्शानंतर हात जास्त वेळा स्वच्छ होतात आणि स्पर्शाआधी कमी. घाण लागल्याची जाणीव आपोआप हात धुवायला लावते. रुग्णाला आपल्यामुळे असलेला धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. हातमोजे ही जाणीव आणखी बोथट करतात. मोजे तेच ठेवून एका पलंगावरून दुसऱ्याकडे गेलं, तर जंतूही सोबत जातात. शिवाय मोज्यांना नकळत बारीक छिद्रं असू शकतात, म्हणून ते काढल्यावरही हात स्वच्छ करावेच लागतात.

हात स्वच्छ करायचे राहून जाण्याचं दुसरं कारण वेळेचं. साबण-पाण्यानं नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, हँडरबला २० ते ३०. तासाला २० संधी आल्या आणि दर वेळी बेसिन गाठायचं म्हटलं, तर वीसेक मिनिटं तिथंच जातील. तेव्हा हँडरबची बाटली पलंगापाशी, हाताच्या अंतरावर हवी. हात दिसण्याइतके मळले असतील, किंवा क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल (जुनं नाव क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल) या जंतूमुळे होणाऱ्या जुलाबांचा रुग्ण असेल, तर मात्र साबण-पाणीच लागतं. या जंतूच्या बीजाणूंवर, म्हणजे टणक कवचातल्या सुप्त रूपावर, अल्कोहोल चालत नाही.

हँडरब तळहाताचा खळगा भरेल इतका घ्यावा. कमी घेतला तर बोटांची टोकं आणि अंगठे माखायच्या आतच तो सुकतो, आणि रुग्णाला पहिला स्पर्श होतो तो नेमका त्यांचाच. ओल्या हातांवर घेतला तर अल्कोहोल पातळ होऊन त्याचा जोर कमी पडतो.

एकच एकूण टक्केवारी फलकावर लावणं म्हणजे एवढी मेहनत वाया घालवणं. निर्जंतुक प्रक्रियेआधीचा आकडा घसरला असेल, तर आधी ड्रेसिंगची ट्रॉली तपासावी. बाटली दाराशी असेल आणि ट्रॉलीवर नसेल, तर ती तिथं ठेवावी आणि पुढच्या फेरीत त्याच क्षणाची नोंद पुन्हा पाहावी.