पक्षाघातानंतरचा गिळण्याचा त्रास आणि पोषण

पक्षाघाताच्या (अर्धांगवायू, लकवा, रुग्णालयात सर्रास ‘स्ट्रोक’) झटक्यानंतर अनेक रुग्णांना घास किंवा घोट नीट गिळता येत नाही. अशा रुग्णाच्या पोटात अन्न, पाणी आणि औषधे सुरक्षितपणे पोहोचवण्याची ही उपचारपद्धती. गिळण्याच्या या दोषाला डिसफेजिया म्हणतात. तपासणी किती बारकाईने केली त्यानुसार तो ३७ ते ७८ टक्के रुग्णांत आढळतो. बहुतेकांचे गिळणे काही आठवड्यांत सुधारते. मधल्या काळात उपासमार होऊ न देणे आणि अन्न फुप्फुसात जाऊ न देणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात.

घास घशाशी येताच श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते, श्वासमार्गाचे तोंड मिटते आणि अन्ननलिकेचे दार उघडते. मेंदूच्या देठातून चालणारा हा क्रम चुकला की ठसका लागतो. घशाची संवेदनाच गेली असेल तर मात्र ठसकाही लागत नाही. अन्न गुपचूप श्वासनलिकेत उतरते आणि दोन-तीन दिवसांनी ताप व न्यूमोनिया होतो. म्हणून ‘ठसका लागत नाही, म्हणजे गिळता येते’ हा समज घातक आहे. लंबमज्जेच्या (मेंदूच्या देठाचा सर्वांत खालचा भाग) बाजूच्या भागात झटका आला तर हातापायांची ताकद शाबूत असूनही गिळणे पार बंद पडू शकते.

तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीही द्यायचे नसते. पाणी नाही, चहा नाही, गोळीसुद्धा नाही. ‘घशाला कोरड पडलीय, चमचाभर तरी द्या’ असे घरच्यांना मनापासून वाटते. ते समजण्यासारखे आहे, पण पातळ पाणीच आवरायला सर्वांत अवघड असते. तपासताना रुग्णाला ताठ बसवून चमचाभर पाणी देतात, गळ्यावर बोटे ठेवून स्वरयंत्र वर सरकते का ते पाहतात आणि लगेच ‘आ’ म्हणायला लावतात. आवाज ओलसर, घुरघुरता आला तर पाणी स्वरयंत्रापाशी अडले असे समजावे. शंका राहिल्यास क्ष-किरणांखाली किंवा नाकातून दुर्बीण घालून तपासणी होते. हे काम बहुधा स्पीच थेरपिस्ट करतात. बोलणे आणि गिळणे यांचे स्नायू बरेचसे सामायिक आहेत.

गिळता येत नसेल तर नाकातून जठरात नळी घालतात. जॉन राइल या ब्रिटिश वैद्याच्या नावावरून आपल्याकडे तिला ‘रायल्स ट्यूब’ म्हणतात. नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत, एवढी लांबी मोजून ती आत सरकवतात. ती जागेवर बसल्याची खात्री एक्स-रेने, किंवा नळीतून ओढलेल्या रसाचा पीएच (आम्लतेचे माप; जितका कमी तितका रस आंबट) ५.५ किंवा त्याहून कमी आहे हे पाहून करतात. हवा सोडून पोटावर आवाज ऐकण्याची जुनी रीत भरवशाची नाही. नळी लागली म्हणजे सगळे संपले, असे मुळीच नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फूड’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत लवकर नळी घातलेल्या गटात मृत्यू ५.८ टक्क्यांनी कमी दिसले, जरी हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या पक्का ठरला नाही.

घरी गेल्यावर खरी अडचण मिक्सरपाशी सुरू होते. नळी तुंबू नये म्हणून पेज पातळ होत जाते, मुगाचे वरचे पाणी गाळून दिले जाते. पोट भरते, पण अंगी काही लागत नाही. साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला २५ ते ३० किलोकॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १५०० ते १८०० किलोकॅलरी आणि ६० ते ९० ग्रॅम प्रथिने. ती डाळीच्या पाण्यातून मिळणार नाहीत. घट्ट शिजवून वाटलेली डाळ, दूध, दूध पावडर, नाचणी सत्त्व, थोडे तेल, किंवा तयार फॉर्म्युला असे आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे; मधुमेह व मूत्रपिंडाच्या रुग्णांत तर नक्कीच. बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम पूर्ण आहार दिला तर रक्तातील फॉस्फेट धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते, म्हणून चढण हळूहळू. भरवताना आणि नंतर निदान अर्धा तास डोके ३० ते ४५ अंश उंच ठेवायचे, शेवटी साधे पाणी सोडून नळी धुवायची. गोळ्या कुटण्याआधी डॉक्टरांना विचारावे. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर सगळी मात्रा एकदम अंगात जाते.

तोंडाने खात नसला तरी दात-जीभ रोज स्वच्छ करायलाच हवी. अस्वच्छ तोंडातली लाळ फुप्फुसात गेली तरी न्यूमोनिया होतो. घरात हे सर्वांत आधी राहून जाते.

तोंडाने पुन्हा सुरुवात करताना पदार्थ मऊ असून चालत नाही, एकजीव लागतो. आमटीत कालवलेला सैल भात मऊच, पण आमटी आधी घशात धावते आणि शिते मागे राहतात. त्यापेक्षा घट्ट दही किंवा गुठळी न राहिलेली नाचणीची खीर बरी. द्रव दाट करण्यासाठी पावडर मिळते, पण तसे पाणी रुग्ण कमीच पितो, म्हणून लघवीकडे लक्ष ठेवावे. हनुवटी छातीकडे झुकवणे, डोके दुबळ्या बाजूला वळवणे अशा युक्त्या काहींना उपयोगी पडतात, मात्र त्या तपासणीनंतरच शिकवतात.

नळी चार आठवड्यांहून अधिक लागणार असे दिसले तर पोटाच्या भिंतीतून थेट जठरात नळी बसवण्याचा विचार होतो. दुर्बिणीच्या साहाय्याने करायची ही पद्धत अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे गॉडरर आणि पॉन्स्की यांनी विकसित केली. १९८० मध्ये ती प्रसिद्ध झाली. ‘फूड’ चाचणीत मात्र पहिल्या काही आठवड्यांत ती घाईने बसवण्यापेक्षा नाकातली नळीच बरी ठरली. कोणतीही नळी असली तरी गिळण्याचा सराव चालू ठेवता येतो, आणि तोंडाने घेतलेले अन्न-पाणी दिवसभराला पुरू लागले की नळी काढतात.