गाडीतले १२ व्होल्ट कधीच १२ नसतात

महाराष्ट्राचं कॅराव्हॅन (मुक्कामाची सोय असलेली गाडी) पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. त्यातून पर्यटन किती वाढलं ते पर्यटन खातं जाणे, पण आमच्या दारव्हा-दिग्रसकडे हौशी लोकांना एक नवं खूळ मिळालं. जुनी ट्रॅव्हलर घ्यायची, मागच्या सीटा काढून दोन बाकडी टाकायची, टपावर सोलरचं पॅनल बसवायचं आणि निघायचं लोणारला, चिखलदऱ्याला, नाहीतर ताडोब्याच्या मोहर्ली गेटला. प्रत्यक्षात ही गाडी शेगावला आणि पाहुण्यांच्या लग्नांनाच जास्त फिरते, ते सोडा.

अशाच एका गाडीतले छताचे एलईडी बल्ब एका उन्हाळ्यात ओळीनं गेले. आधी लुकलुकले, मग मंदावले, मग बंद. मालकानं मागच्या बंपरला नवी काळी बाहुली टांगली. लिंबू-मिरची आधीपासून होतीच, म्हणजे तिनं काही केलं नव्हतं हे उघड आहे, पण तो हिशोब कोणी मांडत नाही. गॅरेजवाल्याचं म्हणणं वेगळं: "बारा व्होल्टात काय होते भाऊ? मालच डुप्लिकेट हाय." बाहुलीपेक्षा हे निदान बरं, तरी अर्धंच. बल्ब ज्या १२ व्होल्टांसाठी बनवला होता ते १२ व्होल्ट त्या गाडीत मुळात नव्हतेच.

१२ व्होल्टच्या लेड-अॅसिड बॅटरीत सहा सेल असतात. पूर्ण चार्ज होऊन स्वस्थ पडलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, निम्मी उतरली की १२.२ च्या आसपास. इंजिन चालू केलं की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणारं जनित्र, तिला १३.८ ते १४.४ देतो. टपावरच्या सोलरचा चार्ज कंट्रोलरही दुपारी १४.४ पर्यंत नेतो, आणि घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी गाडीत टाकली असेल तर तिच्या इक्वलायझेशनला, म्हणजे सगळे सेल सारखे भरायला अधूनमधून दिलेल्या जादा चार्जला, तो १५ च्या वर जातो. मोठे ट्रक आणि बस यांची तर गोष्टच निराळी, तिथे २४ व्होल्ट असतात आणि चार्जिंगला २८. जुन्या तारेच्या बल्बाला या चढउताराचं फारसं काही वाटत नसे. तार तापली की तिचा रोध वाढतो आणि ती स्वतःच प्रवाहाला थोडा लगाम घालते. एलईडीला हा गुण नाही.

एलईडी हा डायोड आहे, म्हणजे प्रवाह एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग. पांढऱ्या एलईडीवर साधारण ३ व्होल्ट पडेपर्यंत तो जवळजवळ काहीच करत नाही. त्यानंतर मात्र दोन-तीन दशांश व्होल्ट वाढले तरी प्रवाह दुप्पट होतो. म्हणून त्याला व्होल्टेज देऊन भागत नाही, प्रवाह मोजूनमापून द्यावा लागतो. स्वस्त बल्बात हे काम एका रोधकावर, म्हणजे प्रवाहाला अडवणाऱ्या तुकड्यावर, सोपवलेलं असतं. गेलेला बल्ब उघडून पाहा. पिवळ्या चौकोनी एलईडींच्या ओळी दिसतील, प्रत्येक ओळीत तीन, आणि ओळीच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढा काळा तुकडा, त्यावर बारीक अक्षरात १५१. हा १५१ ओहमचा नव्हे, १५० ओहमचा रोधक. पहिले दोन अंक जसेच्या तसे घ्यायचे आणि तिसरा सांगेल तितकी शून्यं पुढे द्यायची. आमच्या त्या गाडीतल्या बल्बात या तुकड्याभोवतीची पट्टी तपकिरी झालेली होती.

ती तपकिरी का झाली ते आकड्यांत पाहू. तीन एलईडींवर मिळून ९.३ व्होल्ट पडतात असं धरा. रात्री बॅटरी १२.२ वर असताना रोधकाच्या वाट्याला २.९ व्होल्ट उरतात. २.९ भागिले १५०, म्हणजे १९ मिलिअँपिअर. एलईडी २० चा असेल तर उत्तम. आता इंजिन चालू करा, १४.४ झाले. रोधकावर ५.१ उरले, प्रवाह ३४ मिलिअँपिअर. व्होल्टेज वाढलं १८ टक्के आणि प्रवाह वाढला पाऊणपट. रोधकातली उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते, म्हणजे ती तिपटीवर गेली. बाजारात "जास्त उजेड" म्हणून विकले जाणारे बरेच बल्ब हेच करत असतात: एलईडीला त्याच्या कुवतीबाहेर जुंपायचं.

त्यात आपला उन्हाळा. मे २०२४ मध्ये नागपुरात ५६ अंश तापमान झाल्याची बातमी मोबाइलवर फिरली होती. तो सेन्सरचा बिघाड होता असं हवामान खात्यानं नंतर सांगितलं, पण तो खुलासा मात्र कोणी फॉरवर्ड केला नाही. खरा आकडाही काही कमी नाही, २०१३ च्या मेमध्ये नागपूरनं ४७.९ पाहिले आहेत. उन्हात उभ्या गाडीचं छत त्याहून कितीतरी तापतं, आणि बल्ब नेमके छतालाच चिकटलेले. एलईडी तापला की त्याला लागणारं व्होल्टेज दर अंशामागे दोन-तीन हजारांश व्होल्टनं उतरतं. दिसायला क्षुल्लक. पण तीन एलईडी आणि ४० अंशांची वाढ धरली तर पाव ते एक तृतीयांश व्होल्ट रोधकावर जास्तीचे येतात, प्रवाह आणखी वाढतो, आणि वाढलेला प्रवाह पुन्हा तापवतो.

आता मला खरोखर आवडणारा भाग. चांगल्या बल्बात रोधकाऐवजी एक छोटी चिप, एक डायोड आणि तारेची एक गुंडाळी असते. या सगळ्या जुळणीला बक ड्रायव्हर म्हणतात. गुंडाळीचा स्वभाव हट्टी: तिच्यातला प्रवाह एकदम वाढू देत नाही आणि एकदम थांबूही देत नाही. चिप बॅटरीचा रस्ता उघडते, प्रवाह हळूहळू चढतो. चिप तो सतत मोजत असते. ठरलेली मर्यादा आली की ती रस्ता बंद करते. पण गुंडाळी थांबत नाही. साठवलेली ऊर्जा ती डायोडमधून फिरवून एलईडीला देत राहते, प्रवाह जरा उतरतो आणि चिप पुन्हा रस्ता उघडते. कडबा कुट्टीचं जड चाक असंच चालतं. हात मधूनमधून जोर लावतो, चाक मात्र एकसारखं फिरतं. फरक इतकाच की इथे हे सेकंदाला लाखो वेळा घडतं.

रस्ता किती वेळ उघडा ठेवायचा ते चिप गरजेप्रमाणे बदलते. डायोडमधला तोटा बाजूला ठेवला तर हे प्रमाण म्हणजे एलईडीचं व्होल्टेज भागिले बॅटरीचं व्होल्टेज. १२.२ ला ९.३ भागिले १२.२, म्हणजे ७६ टक्के. १४.४ ला ६५ टक्के. एलईडीला दोन्ही वेळी तेवढाच प्रवाह मिळतो. बॅटरीतून मात्र रस्ता उघडा असेल तेव्हाच प्रवाह निघतो, म्हणून व्होल्टेज वाढलं की बॅटरीकडून घेतलेला सरासरी प्रवाह कमी होतो. ही उलटी गंमत एकदा लक्षात आली की बल्ब न फोडता ओळखता येतो.

मल्टिमीटरची लाल तार १० अँपिअरच्या भोकात घाला. फ्यूज बॉक्समधून दिव्यांचा फ्यूज काढा, तो जिथे बसला होता तिथल्या दोन खाचांत मीटरच्या पिना टेकवा, आणि तपासायचा एकच बल्ब चालू ठेवा. इंजिन बंद असताना प्रवाह पाहा, मग चालू करून पाहा. तीन वॅटच्या बक बल्बाचा आकडा ०.२५ वरून ०.२१ वर उतरेल. रोधकाच्या बल्बाचा ०.४ च्या पुढे चढेल. आकडा हललाच नाही तर तिसरा प्रकार: त्यात प्रवाह स्थिर ठेवणारी साधी चिप असते, जास्तीचे व्होल्ट ती उष्णता करून टाकते. तापमानाची काळजी घेतली तर हाही चालतो. काम झालं की लाल तार आठवणीनं व्होल्टच्या भोकात परत घाला. ती १० अँपिअरवरच राहिली आणि कोणी बॅटरीचे व्होल्ट मोजायला गेलं, तर मीटर बॅटरीला थेट शॉर्ट करतं.

दुकानात मीटर लावू देत नाहीत. तिथे डब्यावर "१० ते ३० व्होल्ट डीसी" अशी कक्षा छापली आहे का ते पाहायचं. फक्त "१२ व्होल्ट" लिहिलेला बल्ब खाली ठेवावा. रुंद कक्षेचं आणखी एक कारण आमच्याकडचे रस्ते. इंजिन वेगात असताना बॅटरीचं टर्मिनल हादऱ्यानं सुटलं तर अल्टरनेटरला आपला जोर लगेच आवरता येत नाही. सेकंदाच्या काही दशांशांपुरतं व्होल्टेज कित्येक पटींनी उसळतं, संरक्षण नसेल तर शंभराच्या आसपाससुद्धा. १२ व्होल्टचं म्हणून विकलेलं सोलर पॅनलही बॅटरीविना मोकळं सुटलं की २१-२२ व्होल्ट दाखवतं. टर्मिनल घट्ट आवळणं हा बल्ब वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

बक ड्रायव्हरचा एक दोष सांगायला हवा. सेकंदाला लाखो वेळा उघडझाप म्हणजे रेडिओच्या पट्ट्यातली ढवळाढवळ. मीडियम वेव्हवर आकाशवाणी लावा आणि रेडिओ बल्बाजवळ न्या. खरखर उठली तर ही ढवळाढवळ अडवणाऱ्या फिल्टरवर पैसे वाचवलेले आहेत.

"५०,००० तास आयुष्य" या छपाईवर फार जाऊ नये. सलग लावला तरी ५०,००० तास म्हणजे पाच वर्षं आठ महिने. हा आकडा एलईडी चिपचा असतो, प्रयोगशाळेतल्या ठरावीक तापमानातला. बल्ब मरतो बहुधा ड्रायव्हरमुळे. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (वीज क्षणभर साठवणाऱ्या डबीचं) आयुष्य दर १० अंशांना निम्मं होतं: १०५ अंशांना २,००० तास टिकणारा ८५ ला ८,००० तास टिकेल. म्हणून अॅल्युमिनियमच्या अंगाचा, हाताला जरा जड लागणारा बल्ब घ्या. उजेड वॅटवर मोजू नका, ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप, पाहा. २१ वॅटचा जुना तारेचा बल्ब साधारण ४६० ल्युमेन देतो, तेवढ्याला चार-पाच वॅटचा एलईडी पुरतो. रंग पिवळसर, ३,००० केल्विनच्या आतला घ्या. पावसाळ्यात निळसर पांढऱ्या दिव्यावर किडे जास्त येतात, आणि जेवणाचं ताट दिव्याखालीच असतं. हेडलाइटला मात्र हात लावू नका. तिचा आरसा तारेच्या नेमक्या जागेसाठी बेतलेला असतो. त्यात भलता एलईडी बसवला की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त.

आता "बारा व्होल्टात काय होते" याचं उत्तर. शॉक बसत नाही, हे खरं. आग मात्र लागते. मोठ्या बॅटरीची वायर बॉडीला घासून शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि बारीक वायर क्षणात लाल होते. एलईडीनं सैल जोडांची भीती बरीच कमी केली आहे. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढायचा, तीन वॅटचा एलईडी पाव ओढतो, आणि त्याच जोडात तापणं जवळजवळ पन्नासाव्या हिश्श्यावर येतं. शॉर्टला मात्र एलईडी असो की तार, सारखंच. म्हणून एलईडी लावल्यावर जुना १५ अँपिअरचा फ्यूज तसाच ठेवू नका. पाच बल्बांना ३ किंवा ५ अँपिअर भरपूर झाले. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला जितका जवळ बसेल तितका बरा.

होल्डर शक्यतो दाबून फिरवायचा, बीए-१५ जातीचा असावा. दोन बारीक पिनांचा जी-४ आमच्या रस्त्यांवर हादऱ्यानं बाहेर येतो. आणि सोलरच्या दुकानात १२ व्होल्टचे डीसी बल्ब मिळतात, त्यांची टोपी घरच्या बल्बासारखीच, बी-२२ असते, म्हणून ते गाडीत टाळावेत. घरचा २३० चा बल्ब गाडीत लावला तर तो नुसता पेटत नाही आणि लोक उगाच वायरिंग खोलत बसतात. गाडीतला १२ चा कोणी घरच्या होल्डरला लावला तर तो तोंडासमोर फुटतो. घेतलेच असतील तर टोपीवर लाल नेलपॉलिशचा जाड पट्टा मारावा आणि घरात सगळ्यांना तो दाखवून ठेवावा.