भजनांचा साठा नव्या डिस्कवर हलवताना

खंजिरी भजने, काकडा, दंडारी, झाडीपट्टीच्या नाटकांतली पदे, लग्नातली गाणी. गावातल्या साऊंड सर्व्हिसवाल्याकडे असा ५०० जीबीचा साठा सहज साचतो. पाच मिनिटांचे गाणे १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत जेमतेम ५ एमबी घेते. म्हणजे या साठ्यात लाखभर फायली मावतात. बाजारातली गाणी पुन्हा मिळतील. गावच्या मंडळाने स्वतः रेकॉर्ड केलेली भजने मात्र दुसरीकडे कुठेच नसतात. म्हणून सर्वांत आधी तीच हलवावीत.

त्याआधी जुन्या डिस्कची नाडी बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘करंट पेंडिंग सेक्टर’ ही ओळ शोधा. तिच्या ‘रॉ व्हॅल्यूज’ रकान्यात शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर काही जागा डिस्कला नीट वाचता येत नाहीत. अडलेल्या फाइलवर पुन्हापुन्हा प्रयत्न करून डिस्क दमवू नका. ती फाइल सोडा, बाकीच्या आधी उतरवून घ्या.

‘कट’ करू नका, ‘कॉपी’च करा. एका डिस्कवरून दुसरीवर ‘कट’ केले की संगणक फायली उतरवतो आणि जुनीकडच्या पुसतो. मध्येच लाइन गेली तर अर्धी गाणी इकडे, अर्धी तिकडे, आणि कुठपर्यंत पोचलो त्याचा पत्ता नाही. काम चार्ज केलेल्या लॅपटॉपवर करावे. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. यूएसबी २ च्या पोर्टवर सेकंदाला साधारण ३५ एमबी जातात, म्हणजे ५०० जीबीला चार तास. निळ्या, यूएसबी ३ च्या पोर्टवर हेच काम बहुधा दीड-दोन तासांत होते. केबल डिस्कसोबत आलेलीच लावा. लांब, स्वस्त केबलमध्ये व्होल्टेज पडते आणि डिस्क टकटक करत बंद पडते.

फॉरमॅटचा, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीचा प्रश्न इथे लाइटशी जोडलेला आहे. एनटीएफएस पद्धतीत डिस्क बदलांची रोजकीर्द ठेवते, त्यामुळे अचानक वीज गेली तरी फोल्डरांची मांडणी सहसा सावरते. एक्सफॅटमध्ये अशी रोजकीर्द नाही. सगळे काम विंडोजवरच होणार असेल तर एनटीएफएस बरे. मॅकला मात्र ते फक्त वाचता येते. फॅट३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावतच नाही, त्यामुळे रात्रभराच्या नाटकाचे चित्रीकरण तिथे अडते. बरेच अ‍ॅम्प्लिफायर मात्र फॅट३२ च ओळखतात. त्यांच्यासाठी वेगळा पेनड्राइव्ह ठेवा.

मे महिन्यात टिनाखाली खोली ४३ अंशांवर जाते. तासन्‌तास लिहिणारी डिस्क खोलीपेक्षा बरीच जास्त तापते, आणि अनेक डिस्कची मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. पहाटे कॉपी लावा, डिस्क लाकडी पाटावर मोकळी ठेवा, गादीवर नको.

कॉपीची पट्टी भरली म्हणजे काम झाले असे नाही. शेवटचा भाग काही वेळ संगणकाच्या मेमरीतच असतो, म्हणून ‘सेफली रिमूव्ह’ करून डिस्क काढा, पुन्हा लावा आणि मगच पडताळणी करा. नाहीतर संगणक डिस्कऐवजी मेमरीतलेच वाचून ‘बरोबर’ म्हणू शकतो. दोन्हीकडच्या फायलींची संख्या आणि ‘साइझ’ जुळवा. ‘साइझ ऑन डिस्क’ जुळली नाही तर घाबरू नका: मोठ्या एक्सफॅट डिस्कवर जागा सहसा १२८ केबीच्या खणांत दिली जाते, एनटीएफएसवर ४ केबीच्या. आकार जुळूनही आतला मजकूर बिघडलेला असू शकतो. त्यासाठी एसएचए-२५६ ची बेरीज, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण, दोन्हीकडे काढून जुळवतात. फाइलमधला एक बिट बदलला तरी ६४ अक्षरी उत्तर पार बदलते. गावच्या रेकॉर्डिंगसाठी तरी ही पडताळणी कराच.

यानंतर हमखास अडते ती प्लेलिस्ट. तिच्यात गाणे नसते, गाण्याचा पत्ता असतो. जुनी डिस्क ‘ई’ होती आणि नवी ‘एफ’ झाली की सगळी नावे दिसतात, वाजत एकही नाही. जुनी डिस्क काढा आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये नवीला तेच अक्षर द्या. फायलींची नावे देवनागरीत असतील तर प्लेलिस्ट एम३यू८ प्रकारात जतन करा. साध्या एम३यू मध्ये ‘विठ्ठल’चे प्रश्नचिन्ह होते.

जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करू नका. तिच्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवून, सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात, दुसऱ्या घरी ठेवा. पावसाळा सरला की एकदा लावून पाहा.