कॅमेऱ्याच्या आधीची वाट: न्यू गिनी ओलांडणाऱ्या एका माहितीपटाची पार्श्वभूमी

एप्रिल १९६२ मध्ये सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर एका फ्रेंच चित्रपटाला मिळालं. त्याचं नाव 'ल सिएल ए ला बू', म्हणजे आकाश आणि चिखल. दिग्दर्शक होते पियेर-दोमिनिक गेसो. त्या वेळी डचांच्या ताब्यात असलेली पश्चिम न्यू गिनी दक्षिण किनाऱ्यावरून उत्तर किनाऱ्यापर्यंत पायी आणि होडीनं ओलांडणाऱ्या फ्रेंच-डच तुकडीची ही दीड तासाची रंगीत कहाणी. १९५९च्या सप्टेंबरात मंडळी दक्षिण किनाऱ्यावरच्या आस्मात प्रदेशाच्या दलदलीतून निघाली, नद्यांच्या उगमाकडे चढत गेली, मधली पर्वतरांग ओलांडली आणि सुमारे सात महिन्यांनी उत्तरेच्या हॉलंडिया शहरात पोचली.

चित्रपट म्हणून तो आजही धरून ठेवतो. जळवा, ताप, पुराचं पाणी, पावसानं फुगलेली ओझी हे सगळं खरं आहे आणि ते दिसतंही. निवेदन मात्र आता ऐकवत नाही. मूठभर युरोपीय एका बाजूला, अश्मयुग दुसऱ्या बाजूला आणि मधे कुणीच न तुडवलेलं रान, अशी त्याची मांडणी आहे. रान अवघड होतं, यात वाद नाही. 'कुणीच न तुडवलेलं' हा भाग तपासून पाहायला हवा.

या बेटाची युरोपीय कागदपत्रांतली गोष्ट चेष्टेनं सुरू होते. १६२३ मध्ये यान कार्स्टेन्स या डच खलाशानं दक्षिणेच्या समुद्रातून डोंगरमाथ्यावर बर्फ पाहिल्याचं नोंदवलं. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ बर्फ म्हटल्यावर मायदेशी लोकांनी त्याला वेड्यात काढलं. १७७० मध्ये कॅप्टन कुक आस्मात किनाऱ्यावर उतरला आणि तिथल्या लोकांनी आडवं जाताच परत फिरला. १८२८ मध्ये डचांनी पश्चिम भागावर हक्क सांगितला, १८८४ मध्ये पूर्वेकडचा अर्धा भाग जर्मन आणि इंग्रजांनी वाटून घेतला. नकाशावर १४१ रेखांशाची सरळ रेघ पडली. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना आत काय आहे, हे रेघ ओढणाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

का ठाऊक नव्हतं, याचं उत्तर साध्या हिशोबात आहे. हमाल पाठीवर वीसेक किलो ओझं घेतो आणि रोज जवळपास किलोभर खातो. दहा दिवस आत जायचं आणि दहा दिवस परत यायचं म्हटलं, की त्यानं आणलेलं सगळं त्याच्याच पोटात जातं. साहेबांच्या तंबूला, काचेच्या बाटल्यांना आणि उपकरणांना जागाच उरत नाही. वाटेत विकत घ्यायला धान्य नाही. साबुदाण्याच्या झाडांची दलदल सोडली की किनारा आणि उंच डोंगर यांच्या मधल्या उतारावर वस्ती अगदी विरळ. म्हणून मोहिमा नदीच्या तोंडाशी तळ टाकायच्या, महिनोन् महिने टप्प्याटप्प्यानं तांदूळ वर न्यायच्या आणि त्यात माणसं खचायची. १९१० साली ब्रिटिश पक्षीशास्त्रज्ञांची मोठी मोहीम दक्षिण किनाऱ्यावर उतरली. तिच्यात हिंदुस्थानातून नेलेले गुरखेही होते. वर्षभराहून अधिक धडपड करूनही बर्फाच्या शिखरांपर्यंत तिला पोचता आलं नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९०९ मध्ये, हेन्ड्रिक लोरेंट्सची डच मोहीम बर्फापर्यंत गेली होती. फरक पडला तो मुख्यतः बोर्निओहून आणलेल्या दायाक लोकांमुळे. वेगवान नदीत होडी उलट्या प्रवाहात चढवणं हे त्यांचं पिढ्यान् पिढ्यांचं काम. पुढच्या तीस वर्षांत डच न्यू गिनीच्या आत शिरलेली जवळपास प्रत्येक मोठी मोहीम दायाक नावाडी, जावा बेटावरून आणलेले शिक्षा भोगणारे कैदी आणि लष्करी पहारा या तीन पायांवर उभी होती. कैद्यांना हमाली करायला लावायची ही सरकारी पद्धतच होती. नावं मात्र शिखरांना, सरोवरांना आणि ऑर्किडांना साहेबांची लागली.

मग विमान आलं आणि हिशोब बदलला. १९२६ मध्ये अमेरिकन-डच मोहिमेनं पाण्यावर उतरणारं विमान वापरून पाहिलं. १९३८ मध्ये रिचर्ड आर्चबोल्ड या अमेरिकन धनिक संशोधकानं 'गुबा' नावाची उडती नौकाच आणली आणि ती समुद्रसपाटीपासून सव्वातीन हजार मीटर उंचीवरच्या हाबेमा सरोवरावर उतरवली. तांदूळ आता पाठीवरून चढवायची गरज उरली नाही. त्याच वर्षी २३ जूनला विमानातून खाली पाहताना त्याला बालिएमचं खोरं दिसलं. दगडी बांध, पाण्याचे चर, आखीव रताळ्याचे वाफे आणि हजारोंनी माणसं. बाहेरच्या जगाला पत्ता नसलेला हा शेतकऱ्यांचा मुलूख होता.

त्या मोहिमेतला एक प्रसंग इथे सांगायलाच हवा. खोऱ्यात पायी शिरलेल्या दोनपैकी एका तुकडीला तिथल्या दानी लोकांनी पुढे जाऊ दिलं नाही. डच सैनिकांनी गोळी झाडली आणि एक माणूस मेला. अधिकाऱ्याच्या अहवालात याची नोंद आहे. तीन वर्षांनी अमेरिकेत छापून आलेल्या सचित्र लेखात त्याच जागी फक्त एवढाच अर्थ निघतो, की नुसत्या धाकानं भागलं नाही. बाकी लेख फुलं, पक्षी आणि हसऱ्या चेहऱ्यांनी भरलेला आहे. जंगल-मोहिमांची चित्रं आणि लेख पाहताना ही कात्री कुठे चालली असेल, याचा अंदाज घेत राहावं लागतं.

बेटाच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागात कुक नावाच्या जागी (कॅप्टन कुकशी या नावाचा संबंध नाही) दलदलीचा निचरा करण्यासाठी खणलेले चर सापडले आहेत. तिथल्या शेतीचा पुरावा किमान सात हजार वर्षं मागे जातो. केळीचा आणि उसाचा वंश याच बेटावरच्या बागांशी जाऊन भिडतो. १९२८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं रोगाला दाद न देणाऱ्या उसाच्या जाती शोधायला न्यू गिनीत विमान पाठवलं होतं. कोल्हापूर-सांगलीच्या फडात उभा असलेला जाड, गोड ऊस मुळात पापुआन, म्हणजे न्यू गिनीच्या मूळच्या शेतकऱ्यांनी निवडून निवडून घडवलेल्या जातींचाच दूरचा नातलग आहे. 'अश्मयुगीन' म्हणून ज्यांची टिंगल झाली, त्यांनी जगाला साखर दिली.

आता अश्माकडेच येऊ. गेसोंचा प्रवास सुरू झाला तो आस्मात प्रदेश म्हणजे चिखल, खाडी, खारफुटी आणि साबुदाण्याची झाडं. दगड तिथे औषधालाही सापडत नाही. तरीही आस्मात लोक दगडी कुऱ्हाडीनं झाडं पाडत, होड्या कोरत, मेलेल्या नातलगांच्या नावानं उंच 'बिस्ज' खांब घडवत. त्या कुऱ्हाडीची पाती आली कुठून? डोंगरातून. वरच्या गावानं खालच्या गावाला दिलं, त्यानं सोयरिकीत पुढच्याला दिलं, कधी युद्धात लुटलं, असं करत करत ते पातं समुद्रापर्यंत पोचलं. उलट दिशेनं कवड्या चढत गेल्या. समुद्र कधीच न पाहिलेल्या डोंगरी लोकांत कवडी पैशासारखी चालत होती. एकच माणूस आरपार चालत गेला असेल असं नाही, बहुधा नसेलच. प्रत्येकाला आपापला टप्पा ठाऊक होता आणि शेजाऱ्याच्या हद्दीत पाय टाकणं म्हणजे जिवाशी खेळ. पण टप्पे एकमेकांना जोडलेले होते. गेसोंच्या तुकडीनं नवं काय केलं, तर ते सगळे टप्पे एकाच दमात, एकाच गटानं पार केले. हे कमी नाही, पण 'कोरं रान' यापेक्षा ते वेगळं आहे.

आणि १९५९ पर्यंत सरकारी खुणाही बऱ्याच उमटल्या होत्या. १९५४ मध्ये अमेरिकन मिशनरी बालिएम नदीवर विमानानं उतरले, १९५६ अखेर त्याच खोऱ्यात वामेनाला डच ठाणं बसलं. आस्मातमध्ये फादर झेगवार्ट या डच पाद्र्यानं १९५३ मध्ये मिशन उघडलं होतं. आस्मात लोकांच्या मुंडकी मारण्याच्या प्रथेवर त्यांनी लिहिलेला सविस्तर लेख अमेरिकेच्या मानववंशशास्त्रीय नियतकालिकात १९५९ मध्येच छापून आला. ती प्रथा खरी होती, पडद्यावरच्या सनसनाटीसाठी कुणी रचलेली नव्हती. पण झेगवार्टच्या लेखात तिच्यामागे नाव देण्याचे विधी, पूर्वजांचं ऋण, गावागावांतले हिशोब दिसतात. चित्रपटात ती मुख्यतः भीतीची फोडणी म्हणून येते. त्याच साली डचांची शास्त्रीय मोहीम हेलिकॉप्टरं घेऊन स्टार पर्वतरांगेत शिरली आणि सप्टेंबरात युलियाना शिखरावर पोचली. गेसोंच्या तुकडीतला डच अधिकारी यान स्नेप हा त्या भागात मुरलेला माणूस. त्याची ओळखपाळख, पापुआन हमालांच्या पाठी, रेडिओ आणि आकाशातून टाकलेला शिधा नसता, तर मोहीम अर्ध्यातच बसली असती.

गेसो स्वतः नवखे नव्हते. १९४८ ते १९५० या काळात आलँ गेरब्राँ यांच्यासोबत ओरिनोको आणि अॅमेझॉन यांच्या मधली पारिमा पर्वतरांग ओलांडणाऱ्या चौघांपैकी ते एक. त्या मोहिमेत आदिवासींना ग्रामोफोनवर मोत्झार्ट ऐकवल्याचा किस्सा फ्रान्समध्ये फार गाजला. नंतर त्यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीमध्ये तोमा लोकांवर चित्रपट केला. युद्धोत्तर पॅरिसमध्ये अशा माणसांना मोठा प्रेक्षक होता. सभागृहात शोधप्रवासी स्वतः मंचावर उभा राहून आपली फिल्म दाखवत बोलायचा, तिकिटं काढून गर्दी व्हायची. १९५२ मध्ये तराफ्यावरून पॅसिफिक ओलांडण्याची गोष्ट सांगणाऱ्या 'कोन-टिकी'ला ऑस्कर, १९५६ मध्ये कूस्तोच्या समुद्रपटाला कानचं सर्वोच्च पारितोषिक. धाडसाचा माहितीपट तेव्हा चांगला चालणारा धंदा होता. गेसोंच्या तुकडीत पॅरिसच्या एका बड्या सचित्र साप्ताहिकाचा पत्रकार टोनी सोनिए होता, तो याच हिशोबानं.

डचांची अडचण वेगळी होती. इंडोनेशिया १९४९ मध्ये हातून गेला, पण पश्चिम न्यू गिनी त्यांनी सोडली नव्हती. इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्नो ती मागत होते आणि १९५७च्या डिसेंबरात इंडोनेशियातल्या डचांना गाशा गुंडाळावा लागला. आम्ही इथे राज्य करत नसून या लोकांना स्वातंत्र्यासाठी तयार करतो आहोत, असं डच सरकार जगाला सांगत होतं. अशा वेळी दुर्गम भागात डच अधिकारी शांतपणे वावरताना दाखवणारा परदेशी चित्रपट त्यांना नकोसा असण्याचं कारण नव्हतं. मात्र १९५८ मध्ये ओत्सजानेप या आस्मात गावात डच गस्तीच्या गोळीबारात पाच जण मेले होते, ही बाजू त्या चित्रात बसणारी नव्हती. १९६१च्या नोव्हेंबरात याच किनाऱ्याजवळ होडी उलटून न्यूयॉर्कच्या गव्हर्नरचा मुलगा मायकेल रॉकफेलर बेपत्ता झाला. तो हार्वर्डच्या चित्रपट-मोहिमेत ध्वनिमुद्रण करायला आला होता आणि आस्मात कोरीवकाम जमवत फिरत होता. तो बुडाला की मारला गेला यावर पुस्तकांची चळत उभी राहिली. त्यापुढे गोळीबारात मेलेले पाच जण तळटीपेत गेले.

ऑस्करची बाहुली गेसोंच्या चित्रपटाला मिळाली त्या महिन्यात या मुलखावरून डच आणि इंडोनेशियन सैन्यात चकमकी चालू होत्या. १५ ऑगस्ट १९६२ ला न्यूयॉर्कमध्ये करार झाला. युद्धबंदीवर देखरेख करायला संयुक्त राष्ट्रांनी जी निरीक्षकांची तुकडी पाठवली, तिची सूत्रं भारतीय लष्कराचे ब्रिगेडिअर इंदरजित रिखी यांच्याकडे होती. १ मे १९६३ ला ताबा इंडोनेशियाकडे गेला. १९६९ मध्ये 'स्वेच्छेनं निवड' झाली, म्हणजे हजाराच्या आसपास निवडक प्रतिनिधींना एकत्र करून त्यांच्याकडून इंडोनेशियाच्या बाजूनं एकमतानं होकार घेतला गेला. हॉलंडियाचं नाव दोनतीनदा बदलून जयापुरा झालं. डच राणी विल्हेल्मिनाच्या नावाचं शिखर त्रिकोरा झालं. सुकार्नोंनी हा प्रदेश घेण्यासाठी दिलेल्या आदेशाचंच ते नाव. गेसोंची मंडळी बाहेर पडली त्याच १९६० साली फ्रीपोर्ट या अमेरिकन कंपनीचा भूगर्भतज्ज्ञ फोर्ब्स विल्सन बर्फाच्या शिखरांजवळच्या तांब्याच्या डोंगरापर्यंत चालत गेला होता. १९६७ मध्ये, म्हणजे 'निवडी'च्या दोन वर्षं आधी, कंपनीचा खाणकरारही झाला. त्या भागात आज जगातल्या सर्वांत मोठ्या तांबं-सोन्याच्या खाणींपैकी एक आहे. चित्रपट पाहताना हे सगळं शेजारीच चाललं होतं, हे लक्षात ठेवलं तर चिखल निराळा दिसतो.

कॅमेऱ्यासमोरच्या माणसांना विचारावं, हे सुचायला अजून वीस वर्षं गेली. १९८३च्या 'फर्स्ट काँटॅक्ट' या ऑस्ट्रेलियन माहितीपटात पूर्वेकडच्या डोंगरी लोकांना १९३०च्या दशकात सोनं शोधत तिथे शिरलेल्या ऑस्ट्रेलियन लेही बंधूंची चित्रफीत दाखवून बोलतं केलं आहे. हे गोरे म्हणजे मेलेले पूर्वज परत आले असं आम्हाला वाटलं, आणि ते भूत नसून माणसंच आहेत हे कसं कळलं, ते म्हातारी मंडळी हसत हसत सांगतात.

कॅमेऱ्यासमोरच्या माणसांचा प्रश्न गेसोंच्या वाट्यालाही आला, पण पनामात. १९७५ मध्ये ते तिथल्या गुना आदिवासींमध्ये राहून चित्रपट करत होते. पैसे संपले, कर्ज थकलं आणि बँकेनं फिल्म ताब्यात घेतली. गेसो १९९७ मध्ये वारले. गुना मात्र आपला चित्रपट कुठे आहे हे विचारत राहिले. पुढे पॅरिसमध्ये एक प्रत सापडली आणि सुमारे पन्नास वर्षांनी ती त्यांना दाखवली गेली. आंद्रेस पेरोट या दिग्दर्शकानं त्या शोधावरच २०२३ मध्ये माहितीपट केला. जुन्या चित्रफितीतले आजी-आजोबा ओळखण्याचं काम त्यात गुना प्रेक्षकच करतात.