देताना हलका, घेताना जड

शेजारच्या भाटातला, म्हणजे नारळाच्या बागेतला, माड घराच्या छपरावर झुकलेला असतो. पावसाच्या तोंडावर एक नारळ पडतो, दोन कौलं फुटतात. घरवाला कुंपणावरून दोन शब्द सुनावतो, भाटवाला त्यावर चार ऐकवतो. मग वाटेत गाडी आडवी लागते, विहिरीच्या पाण्याचा जुना विषय निघतो, पंचायतीत अर्ज जातो आणि शेवटी लग्नाची आमंत्रणंही थांबतात. दोघांना वेगवेगळं गाठून विचारलं तर दोघेही मनापासून सांगतात, "सुरुवात त्याने केली. मी फक्त जेवढ्यास तेवढं उत्तर दिलं."

गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावर अशी दोन-तीन घरं सापडतील. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नसतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले सुखविंदर शेरगिल, डॅनियल वोलपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन माणसांनी समोरासमोर बसायचं आणि एका उपकरणातून आळीपाळीने एकमेकांच्या बोटावर दाब द्यायचा. सूचना एकच: तुमच्या बोटावर जेवढा दाब आला, नेमका तेवढाच परत द्या. दुसऱ्याला काय सांगितलंय, हे पहिल्याला ठाऊक नव्हतं. राग नाही, जुनं वैर नाही, जिंकण्या-हरण्याचा प्रश्न नाही. तरीही प्रत्येक फेरीला दाब सरासरी 38 टक्क्यांनी वाढत गेला. हाच दर धरून हिशेब केला, तर आठ फेऱ्यांत दाब तेरापट होतो. आणि सूचना तर 'तेवढाच' द्यायची होती!

कारण मेंदूच्या कामाच्या पद्धतीत आहे. आपण स्वतः हालचाल करतो तेव्हा तिच्यातून कोणता स्पर्श जाणवणार, याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो आणि तेवढी जाणीव कमी करतो. आपण स्वतःला गुदगुल्या करू शकत नाही, तेही याचमुळे. दुसऱ्याकडून आलेल्या दाबाचा असा अंदाज नसतो, म्हणून तो पुरेपूर जाणवतो. संशोधकांनी एक पडताळाही घेतला. बोटाने थेट दाबण्याऐवजी जॉयस्टिक फिरवून तोच दाब द्यायला सांगितलं, तेव्हा लोकांचा अंदाज जवळजवळ अचूक आला. म्हणजे लोकांना दाब ओळखता येत होता. चुकत होतं ते आपणच दिलेल्या दाबाचं माप.

हा प्रयोग बोटांचा आहे, शब्दांचा नाही, हे लक्षात ठेवायलाच हवं. पण शब्दांच्या बाबतीतही माप चुकवणाऱ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी 1967 साली विद्यार्थ्यांना क्युबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्याबद्दलचे निबंध वाचायला दिले. बाजूने लिहायचं की विरोधात, हे लेखकाला ठरवून दिलेलं होतं, असं स्पष्ट सांगूनही वाचणाऱ्यांना वाटलं की बाजूने लिहिणारा मनातून काहीसा कॅस्ट्रोचाच असणार. दुसऱ्याच्या वागण्यामागची परिस्थिती आपल्याला दिसत नाही, दिसतो तो त्याचा स्वभाव. आपण चिडून बोललो तर दिवस वाईट गेलेला असतो. शेजारी चिडून बोलला तर तो मुळातच तसला असतो.

यातून निघणारी पहिली गोष्ट शरीराची आहे. जोडप्यांच्या भांडणांचा अनेक वर्षं अभ्यास करणारे जॉन गॉटमन सांगतात, की हृदयाचे ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की समोरच्याचं म्हणणं डोक्यात शिरतच नाही. अशा वेळी किमान वीस मिनिटं थांबावं आणि त्या वीस मिनिटांत पुढचं उत्तर मनात घोळवू नये. फोनवर व्हॉइस मेसेज तर अजिबात पाठवू नये.

दुसरी गोष्ट मागणीची. व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या अमेरिकी विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांनी 1925 च्या एका व्याख्यानात हार्वर्डच्या ग्रंथालयातला प्रसंग सांगितला होता. एकाला खिडकी उघडी हवी होती, त्यांना स्वतःला बंद. शेवटी त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला मोकळी हवा मिळाली, यांच्या अंगावर थेट वारा आला नाही. माडाचंही तसंच आहे. 'तोड' आणि 'तोडणार नाही' या मागण्यांना मध्य नाही. अर्धा माड कुणी तोडत नाही, आणि तोडायचाच तर परवानगीही लागते. पण घरवाल्याला खरं हवं असतं शाबूत छप्पर आणि अंगणात खेळणाऱ्या पोरांची सुरक्षितता. भाटवाल्याला हवे असतात नारळ, आणि कधी कधी वडिलांनी लावलेलं झाड. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, वेळेवर बोलावणं, सुकलेल्या झावळ्या आधीच काढणं, माडाला तार बांधून तो मागे ओढून धरणं, पाडपाचा खर्च वाटून घेणं, अशा वाटा मग दिसू लागतात. "तुला हे कशासाठी हवंय?" हा प्रश्न विचारायला मात्र बहुधा तिसरं माणूस लागतं. न्यायालयात जाण्याआधीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून लोकअदालतीत तडजोड करता येते. तिथल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकंच वजन असतं.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. घरात मारहाण होत असेल, एक बाजू दुसरीला घाबरून गप्प बसत असेल, तर तिथे 'दोघांनी समजून घ्या' म्हणणं हा अन्याय आहे. तिथे आधी संरक्षण हवं: 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आणि 181 ही हेल्पलाइन त्यासाठीच आहे.

भांडण दोन घरांत न राहता गावात शिरतं, त्याचं गोव्यातलं ठळक उदाहरण म्हणजे खाजन. नदीकाठची ही शेतं बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली. बांधात मानस, म्हणजे भरती-ओहोटीच्या जोरावर आपोआप मिटणारे आणि उघडणारे लाकडी दरवाजे. पावसाळ्यात गोडं पाणी मीठ धुऊन नेतं आणि भात पिकतं. कापणीनंतर खारं पाणी आत घेऊन मासे आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी, धरतात. मासे धरायचा हक्क पावणीत, म्हणजे लिलावात, जातो. पावणी घेणाऱ्याला खारं पाणी जास्त दिवस आत हवं असतं, भात लावणाऱ्याला ते वेळेवर बाहेर हवं असतं. दोघांचा स्वार्थ खरा आहे, आणि दोघांचा दरवाजा एकच.

अशा सामायिक साधनांचा जगभर अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम यांना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या: नियम वापरणाऱ्यांनीच ठरवलेले, देखरेख करणारे त्यांच्यातलेच किंवा त्यांना उत्तर देणारे, तंटा सोडवायची जागा जवळची आणि स्वस्त, आणि शिक्षा पायरीपायरीने वाढणारी. मला यातली शेवटची गोष्ट फार मोलाची वाटते. पहिल्या चुकीला छोटा दंड असला, तोही आधीच ठरलेला, तर 'जेवढ्यास तेवढं' ठरवायचं काम रागावलेल्या माणसाकडे राहत नाही.

म्हणून मानशीची पावणी करताना नुसती रक्कम लिहून भागणार नाही. कुठल्या तारखेपासून खारं पाणी आत घ्यायचं, कधी पूर्ण बंद करायचं, बांधाला खेकड्यांनी भोकं पाडली तर ती कुणी बुजवायची आणि पहिल्यांदा नियम मोडला तर दंड किती, हे कुळं आणि पावणी घेणारा यांनी एकत्र बसून कागदावर आणावं, आणि तो कागद मृगाच्या आधी पंचायतीच्या फलकावर लावावा.