नकाशा-टाइल

आंतरजालावरचा नकाशा ज्या सारख्या मापाच्या चौरस तुकड्यांतून जुळवला जातो, त्यांपैकी प्रत्येक तुकड्याला नकाशा-टाइल किंवा नुसते टाइल म्हणतात. नकाशा वेगाने सरकवला की पडद्याच्या कडेला क्षणभर कोरे चौकोन दिसतात आणि मग ते एकेक करून भरतात. एरवी एकसंध वाटणाऱ्या नकाशाची जुळणी तेवढ्यापुरती उघडी पडते. टाइलमध्ये तयार चित्र असू शकते. तशी टाइल रास्टर होय. चित्राऐवजी रस्ते, नद्या, इमारती यांची रेखाकृती असेल तर ती सदिश टाइल.

बहुतेक व्याख्या टाइलच्या मापावर, म्हणजे २५६ बाय २५६ पिक्सेलवर भर देतात. प्रस्तुत नोंदीत तिच्या पत्त्याला अधिक महत्त्व दिले आहे. माप बदलले, आतला मजकूर बदलला, तरी टाइलचे कार्य बिघडत नाही. कोणत्या पातळीवर, कोणत्या स्तंभात आणि कोणत्या ओळीत तुकडा बसतो हे मागणाऱ्याला आधीच ठाऊक असणे मात्र अटळ आहे. १९९३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात तयार झालेला मॅप व्ह्यूअर हा आंतरजालावरचा पहिला परस्परसंवादी नकाशा मानला जातो. त्यात प्रत्येक क्लिकनंतर सर्व्हर नवे चित्र रेखाटून पाठवी. २००० साली, आज ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मानक-संघटनेने प्रसिद्ध केलेले वेब मॅप सर्व्हिस हे मानकही त्याच धाटणीचे: ग्राहकाने हव्या त्या चौकटीचे कोपरे सांगायचे आणि सर्व्हरने त्या चौकटीचे चित्र काढायचे. दोन माणसांच्या चौकटी सहसा तंतोतंत जुळत नाहीत. त्यामुळे एकासाठी काढलेले चित्र दुसऱ्याच्या क्वचितच कामी येते. टाइलने ही मोकळीक काढून घेतली आणि त्या बदल्यात साठवणीची सोय दिली.

उगम : टाइलचा जनक कोण, याविषयी एकमत नाही आणि ते होण्याची शक्यताही कमी आहे, कारण टाइल म्हणून नेमके काय मोजायचे यावरच उत्तर अवलंबून आहे. ठरावीक जाळीनुसार पृथ्वीचे तुकडे पाडून त्यांना क्रमांक देण्याची कल्पना कागदी नकाशांइतकी जुनी आहे. आल्ब्रेख्त पेंक यांनी १८९१ मध्ये बर्न येथील आंतरराष्ट्रीय भूगोल परिषदेत १:१०,००,००० प्रमाणाच्या जागतिक नकाशाचा प्रस्ताव मांडला. त्यातून आकाराला आलेल्या योजनेत प्रत्येक नकाशापत्र ४ अंश अक्षांश व ६ अंश रेखांश एवढे होते आणि त्याचा क्रमांक जाळीतील स्थानावरून ठरे. मात्र ती एकाच प्रमाणाची मालिका होती. लहान प्रमाणाच्या एका पत्राखाली मोठ्या प्रमाणाची नेमकी चार पत्रे, त्यांच्या खाली सोळा, अशी उतरंड तिच्यात नव्हती.

उतरंडीचा धागा संगणकशास्त्रातून आला. १९६६ मध्ये आयबीएमच्या कॅनडातील कार्यालयात जी. एम. मॉर्टन यांनी नकाशाचे चौकोन एका ओळीत मांडण्याची युक्ती सुचवली. स्तंभ आणि ओळ यांचे क्रमांक द्विमान पद्धतीत लिहायचे आणि त्यांचे अंक आलटून-पालटून गुंफून एकच संख्या बनवायची. असे केल्याने जमिनीवर शेजारी असलेले चौकोन संगणकाच्या साठवण-फितीवरही बहुतांशी जवळजवळ पडतात. रॉजर टॉमलिन्सन यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या कॅनडाच्या भौगोलिक माहिती प्रणालीत ही मांडणी वापरली गेली. पुढे १९७४ मध्ये फिंकेल व बेंटली यांनी प्रत्येक भागाचे पुन्हा चार भाग करत जाणारी चतुर्वृक्ष ही रचना मांडली. १९७५ मध्ये तानिमोतो व पाव्लिदिस यांनी एकाच चित्राच्या क्रमाने लहान होत जाणाऱ्या प्रतींचा पिरॅमिड वर्णिला आणि १९८३ मध्ये लान्स विल्यम्स यांनी संगणकीय चित्रणात त्याच तत्त्वाचा उपयोग केला.

पिरॅमिड, जाळी आणि दूरसंचार ही तिन्ही एकत्र कधी आली, हा वादाचा पुढचा मुद्दा. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात दोन प्रकल्प जवळजवळ एकाच वेळी आणि जवळजवळ एकाच नावाने पुढे आले. एक बर्लिनच्या आर्ट+कॉम या गटाचा टेराव्हिजन, दुसरा कॅलिफोर्नियातील एसआरआय संस्थेचा टेराव्हिजन. दोन्हींत वेगवेगळ्या बारकाव्याचे भूचित्र-तुकडे जाळ्यावरून मागवून भूप्रदेश दाखवला जाई. आर्ट+कॉमने २०१४ मध्ये गूगलविरुद्ध पेटंटभंगाचा दावा लावला. २०१६ मध्ये ज्युरीने ते पेटंट अवैध ठरवले आणि पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. एसआरआयचे काम आधीचे व सार्वजनिक होते, हे त्यामागचे मुख्य कारण. न्यायालयाने पेटंटाचा निवाडा केला, कल्पनेच्या जनकत्वाचा नव्हे. तरी पुष्कळ लेखांत या निकालाकडे जनकत्वाचा दाखला म्हणून पाहिले जाते आणि ते बरोबर वाटत नाही.

सामान्य ब्राउझरमध्ये टाइल आणण्याचे श्रेय १९९८ मध्ये खुल्या झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या टेरासर्व्हरला देणे अधिक सयुक्तिक होय. जिम ग्रे, टॉम बार्क्ले व सहकाऱ्यांनी हवाई छायाचित्रांचे २०० बाय २०० पिक्सेलचे तुकडे करून ते एका साध्या विदागारात ठेवले होते; प्रत्येक तुकड्याला प्रमाण व स्थान यांचा क्रमांक होता. ८ फेब्रुवारी २००५ रोजी आलेल्या गूगल मॅप्सने टाइल शोधली, असे सर्रास लिहिले जाते. गूगल मॅप्सची खरी भर वेगळी आहे. पान पुन्हा न उघडता पार्श्वभूमीत टाइल्स मागवणे आणि नकाशा बोटाने ओढल्यासारखा सरकवणे तेथून रूढ झाले.

पत्ता व प्रक्षेपण : शून्य पातळीवर सारे जग एका टाइलमध्ये मावते. प्रत्येक पुढच्या पातळीवर एका टाइलच्या चार होतात. दहाव्या पातळीवर त्यांची संख्या १०,४८,५७६ भरते आणि अठराव्या पातळीवर सुमारे ६,८७२ कोटी. पत्ता पातळी, स्तंभ, ओळ अशा तीन आकड्यांचा असतो. स्तंभ पश्चिमेकडून मोजण्यावर एकमत आहे, ओळींबाबत नाही. प्रचलित पद्धतीत ओळी उत्तरेकडून मोजतात, तर टाइल मॅप सर्व्हिस या मुक्त-सॉफ्टवेअर समुदायाच्या विनिर्देशात दक्षिणेकडून. नकाशा उभ्या दिशेने उलटसुलट जुळला, तर दोष बहुधा येथेच सापडतो.

जग चौरसात बसवण्यासाठी वापरले जाणारे प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची पद्धत, वेब मर्केटर या नावाने ओळखले जाते. मर्केटरने १५६९ मध्ये योजलेल्या प्रक्षेपणात ध्रुव अनंतावर जातात. म्हणून नकाशा ८५.०५११ अंश अक्षांशावर कापतात. तेथे त्याची उंची रुंदीएवढी होते. गूगल मॅप्सच्या पहिल्या आवृत्तीत मर्केटर नव्हते. तेव्हा उच्च अक्षांशांवरील शहरांत काटकोनात मिळणारे रस्ते नकाशात तिरपे दिसत. ते टाळण्यासाठी कोन राखणारे प्रक्षेपण पुढे घेतले गेले.

पण ते घेताना एक तडजोड झाली आणि भूगणितज्ञांचा रोष तिच्यावरच आहे. अक्षांश-रेखांश ध्रुवांशी किंचित चपट्या पृथ्वीवर मोजलेले, सूत्र मात्र ६३,७८,१३७ मीटर त्रिज्येच्या अचूक गोलाचे. यामुळे आकडेमोड स्वस्त झाली. परंतु त्याच अक्षांशासाठी चपट्या पृथ्वीचे मर्केटर सूत्र वापरले, तर उत्तर-दक्षिण निर्देशांकात विषुववृत्तावर शून्य, ४५ अंशांवर सुमारे ३० किमी आणि ध्रुवांजवळ ४२ किमीहून अधिक फरक पडतो. शिवाय कोन राखण्याचा गुणही काटेकोरपणे उरत नाही. दोन दिशांच्या प्रमाणात जास्तीत जास्त सुमारे ०.७ टक्के तफावत येते. भूगणितीय प्रणालींची नोंद ठेवणाऱ्या ईपीएसजी या यादीने प्रारंभी हे प्रक्षेपण नोंदवण्याचे नाकारले. विकासकांनी तोवर ९००९१३ हा अनधिकृत क्रमांक वापरला. या अंकांच्या रोमन आकारांत गूगल हा शब्द वाचता येतो. २००८ मध्ये ३७८५ हा क्रमांक मिळाला, तो लवकरच मागे पडून आजचा ३८५७ आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय भू-अवकाशीय गुप्तवार्ता संस्थेने २०१४ मध्ये आपल्या कामात वेब मर्केटर वापरू नये असा सल्ला दिला. आक्षेप योग्य आहेत. मात्र ते मोजणीला लागू पडतात. स्थळ शोधून दाखवण्याला बाध येत नाही. एका वापरासाठी निवडलेले प्रक्षेपण दुसऱ्या वापरात ओढले जाते, खरी अडचण ती आहे. विशेषतः क्षेत्रफळ या निर्देशांकांवरून काढू नये: ६० अंश अक्षांशावर ते चौपट येते.

सदिश टाइल : चित्राऐवजी रेखाकृती पाठवण्याचा मोठ्या प्रमाणावरील वापर २०१० च्या अखेरीस मोबाइलवरील गूगल मॅप्सपासून दिसतो. ब्राउझरमध्ये त्यासाठी वेबजीएल हे यंत्राच्या चित्रण-क्षमतेचा थेट वापर करू देणारे तंत्र यावे लागले. त्याची पहिली आवृत्ती २०११ ची. आज रूढ असलेले विनिर्देश मॅपबॉक्स कंपनीचे असून त्याची दुसरी आवृत्ती २०१६ ची आहे. यात टाइलची आतली जाळी सहसा ४०९६ बाय ४०९६ घटकांची असते. प्रत्येक बिंदू आधीच्या बिंदूपासूनच्या अंतराने लिहितात आणि रेषा ‘येथे जा’, ‘येथवर रेघ ओढ’, ‘आकृती मिटव’ एवढ्या तीनच आज्ञांत मांडतात.

अशा संचातील टाइल्स बहुधा चौदाव्या पातळीपर्यंतच बनवतात. चौदा वेळा दुप्पट झालेल्या जाळीत ४०९६ म्हणजे २ चा बारावा घात, एकूण सव्विसावा. अठराव्या पातळीच्या रास्टर टाइलमध्ये २५६ म्हणजे २ चा आठवा घात, पुन्हा एकूण सव्विसावा. म्हणजे चौदाव्या पातळीच्या सदिश टाइलचा बारकावा अठराव्या पातळीच्या पिक्सेलएवढाच, विषुववृत्तावर सुमारे ६० सेंमी, असतो. त्यापुढे तीच टाइल ताणून रेखाटली तरी चालते.

रेखाटन वाचकाच्या यंत्रावर होत असल्याने रंग, भाषा, कल व फिरवण हवी तेव्हा बदलता येते आणि नकाशा फिरवला तरी नावे सरळ राहतात. याची किंमत कडांवर मोजावी लागते. टाइलच्या सीमेवर तलाव कापला जातो, रस्त्याचे नाव दुभंगते. म्हणून प्रत्येक टाइलमध्ये शेजारची थोडी पट्टी घ्यावी लागते. आकृत्या पातळीनुसार सोप्याही केलेल्या असतात. त्यामुळे सदिश टाइल ही मूळ विदा आहे असे समजून तिच्यावर लांबी वा क्षेत्रफळ काढणे चूक ठरते. ही चूक आढळते, कारण सदिश हा शब्द अचूकतेची हमी देतो असे वाटते. पोस्टजीआयएस या विदागारात २०१७ पासून अशा टाइल्स थेट तयार करता येतात. मूळ विदा तेथेच असल्याने विश्लेषण टाइल बनण्यापूर्वी उरकून घेणे श्रेयस्कर.

मॅपबॉक्सने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या रेखाटन-ग्रंथालयाचा, म्हणजे नकाशा रेखाटणाऱ्या तयार प्रोग्राम-संचाचा, मुक्त परवाना बदलला. आधीच्या मुक्त आवृत्तीवरून मॅपलिब्रे हा स्वतंत्र प्रकल्प सुरू झाला आणि २०२५ मधील त्याच्या पाचव्या आवृत्तीत गोलाकार पृथ्वीदर्शन आले. तेथेही टाइल्स वेब मर्केटरच्याच असतात. गोलावर वाकवून बसवल्या जातात.

एकफाइली संग्रह : कोट्यवधी सुट्या टाइल्स सांभाळण्यापेक्षा सर्व टाइल्स एका फाइलमध्ये ठेवून तिचा हवा तेवढाच भाग मागवणे, ही अलीकडची दिशा. पीएमटाइल्स या रचनेत १२७ बाइटांचे शीर्ष आणि मूळ अनुक्रमणिका पहिल्या १६ किलोबाइटांत असतात. त्या वाचून ग्राहक नेमके कोणते बाइट हवेत ते ठरवतो आणि एचटीटीपीच्या अंश-मागणीने तेवढेच घेतो. टाइल्स, शेजारचे चौकोन जवळजवळ ठेवणाऱ्या हिल्बर्ट वक्राच्या क्रमाने मांडलेल्या असतात आणि समुद्राची निळी टाइल लाखो ठिकाणी लागली तरी एकदाच साठवली जाते. नकाशासाठी वेगळा सर्व्हर-प्रोग्राम चालवावा लागत नाही. रास्टर विदेसाठी हेच तत्त्व क्लाउड ऑप्टिमाइझ्ड जिओटिफ या फाइल-रचनेत आहे. त्याला २०२३ मध्ये मानकाचा दर्जा मिळाला.

त्रिमितीय टाइल : इमारती व भूरूपे यांसाठीचे थ्रीडी टाइल्स हे विनिर्देश सीझियम या त्रिमितीय नकाशा-सॉफ्टवेअरच्या गटाने २०१५ मध्ये पुढे आणले, २०१९ मध्ये ते ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियमचे समुदाय-मानक झाले. यात ठरावीक जाळी सोडून टाइल्सचा वृक्ष स्वतंत्रपणे लिहिला जाई. घरे दाट असतील तेथे तुकडे बारीक, माळरानावर मोठे. लवचीकता वाढली, पण कोणती टाइल कोठे आहे हे वृक्ष वाचल्याखेरीज कळेना. १.१ आवृत्तीने म्हणून आकडेमोडीने काढता येणारा पत्ता पर्याय म्हणून परत आणला. कोणती टाइल उपलब्ध आहे याची यादी त्यात मॉर्टनच्या १९६६ मधील क्रमानेच लिहितात. क्यूजीआयएस या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये सदिश टाइल्स ३.१४ आवृत्तीत, २०२० साली, आल्या आणि थ्रीडी टाइल्स ३.३४ आवृत्तीत, २०२३ साली.