पाचशे येनचे नाणे : पार्श्वभूमी

जपानमध्ये नोव्हेंबर २०२१ पासून चलनात असलेले पाचशे येनचे दुरंगी नाणे बनावटगिरी रोखण्यासाठी घडवलेले आहे, आणि त्यामागे येनच्या मूल्याची बरीच उलथापालथ आहे.

१८५९ मध्ये परकीय व्यापारासाठी बंदरे खुली झाली, तेव्हा जपानी नाण्यांत सोने चांदीच्या सुमारे पाचपट मोलाचे होते, तर बाहेरच्या बाजारात ते प्रमाण पंधरापट होते. साहजिकच परदेशी व्यापारी चांदी आणून सोने बाहेर नेऊ लागले. शोगुनशाही, म्हणजे लष्करी सरदारांची राजवट, कोसळल्यावर सम्राटाच्या नावाने आलेल्या मेजी सरकारने १८७१ मध्ये ओसाकाची टांकसाळ सुरू केली आणि दीड ग्रॅम शुद्ध सोने म्हणजे एक येन, असे कायद्याने ठरवले. प्रत्यक्षात व्यवहार बराच काळ चांदीवरच चालला. चीनकडून मिळालेल्या युद्धखंडणीच्या बळावर १८९७ मध्ये सुवर्णमान, म्हणजे चलनाचे मूल्य सोन्याशी बांधण्याची पद्धत, पक्का झाला खरा, पण तोवर चांदी इतकी स्वस्त झाली होती की येनचे सोने निम्म्यावर आणावे लागले. १९३१ च्या डिसेंबरात तो सुवर्णमानही सुटला. युद्धोत्तर महागाईनंतर १९४९ मध्ये डॉलरला ३६० येन हा दर ठरला, आणि १९५३ च्या कायद्याने येनहून लहान नाणी बाद झाली.

विक्रीयंत्रांचा प्रसार झाल्यावर पाचशेच्या नोटेऐवजी नाणे सोयीचे ठरू लागले आणि १९८२ मध्ये ते आले. त्याच वर्षी दक्षिण कोरियाने पाचशे वॉनचे नाणे काढले. दोन्हींचा व्यास २६.५ मिलिमीटर, दोन्हींत तांबे व निकेल यांचा तोच मिश्रधातू; वॉन तेवढे अर्ध्या ग्रॅमने जड. ते तासून किंवा भोके पाडून वजन जुळवले की यंत्र फसे. वॉनच्या नाण्याची किंमत येनच्या नाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असल्याने हा उद्योग भलताच किफायतशीर होता, आणि नव्वदच्या दशकाअखेरीस तो इतका फोफावला की पुष्कळ यंत्रांत पाचशे येनचे नाणे घेणेच बंद झाले. टांकसाळीपेक्षा यंत्रे बनवणाऱ्यांची ही गैरसोय मोठी होती, असे म्हणावे लागते.

२००० मध्ये धातू बदलून तांबे, जस्त व निकेल यांचे सात ग्रॅमचे नाणे आले. त्याच्या कडेवरच्या खाचा तिरप्या होत्या. २०२१ च्या नाण्यात गाभ्याला थरांचा धातू आणि भोवती वेगळे कडे असून, खाचांपैकी काहींचे अंतर मुद्दाम बदलले आहे. १९८२ ची नाणी कायद्याने आजही वैध आहेत. बहुतेक यंत्रे मात्र ती परत टाकतात.